अपाचे २.४ : अडचणीत सर्व्हर स्वतः किती मदत करतो?

वेबसाइट ब्राउझरपर्यंत पोचवणारा अपाचे वेब सर्व्हर फुकट आहे, त्यामुळे अडलं की फोन करायला हक्काचं कुणी नाही. पण २०१२ साली आलेल्या २.४ पासून एरर लॉगच (चुकांची नोंद ठेवणारी फाइल) भक्कम आधार झाला आहे. बहुतेक नोंदींना 'एएच' आणि पाच आकडी क्रमांक असतो. शोध घ्यायचा तो त्या क्रमांकाचा.

४०३ या 'प्रवेश नाकारला' कोडचंच बघा. ब्राउझरमध्ये नुसतं 'फॉरबिडन' दिसतं. लॉगमध्ये एएच०१६३० असेल तर कॉन्फिगरेशनने अडवलंय. कॉन्फिगरेशन फाइलमधल्या त्या फोल्डरच्या डिरेक्टरी ब्लॉकमध्ये 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' हवं. २.२ मधल्या 'ऑर्डर-अलाऊ'च्या जुन्या ओळींवर विसंबू नका. एएच०००३५ असेल तर वरच्या एखाद्या फोल्डरला एक्झिक्यूट (आत शिरण्याची) परवानगी नाही. 'नेमआय -एल' ही कमांड पूर्ण पाथ देऊन चालवा, कुठे अडलंय ते ओळीओळीने दिसतं. सरसकट ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) करणं हा उपाय नव्हे, ते दार सताड उघडं टाकणं आहे.

भलतीच साइट उघडतेय? 'अपाचेसीटीएल' या कमांडला '-एस' (कॅपिटल) द्या. कोणत्या पोर्टवर डिफॉल्ट व्हर्च्युअल होस्ट (एकाच सर्व्हरवरच्या अनेक साइटींपैकी एक) कोणता, ते फाइल आणि ओळ क्रमांकासकट छापून येतं. रिलोडआधी कॉन्फिगटेस्ट (कॉन्फिगरेशनची चाचणी) करायचीच.

कमी पडतं ते रीराइटच्या (यूआरएल बदलणाऱ्या नियमांच्या) बाबतीत. तिथे लॉग एरवी गप्प असतो. लॉगलेव्हलमध्ये (लॉग किती तपशील नोंदवतो ते ठरवणारी सेटिंग) 'रीराइट:ट्रेस३' घातलं की बोलू लागतो, पण फाइल भराभर फुगते, म्हणून काम झालं की काढा. आणि एचटीअ‍ॅक्सेसमध्ये (फोल्डरपुरत्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये) रीराइटचा पॅटर्न तपासताना पत्त्याचा सुरुवातीचा स्लॅश गळलेला असतो, ही महत्त्वाची गोष्ट डॉक्युमेंटेशनमध्ये आहे, पण ठळकपणे पहिल्याच पानावर हवी होती.