पुराची रात्र आणि सतराचा पाढा

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचं पाणी उंबऱ्याला लागलं, तो क्षण कोल्हापुरातल्या पूरग्रस्तांना आजही लख्ख आठवतो. सतराचा पाढा मात्र कित्येकदा म्हटल्यावरच बसतो.

फरक पडतो तो मेंदूतल्या अमिग्डालामुळे. कानशिलाच्या आत, नव्या आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसच्या टोकाला खेटून बदामासारखा हा भाग असतो. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रिनालिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं वाढतात, मेंदूत नॉरअ‍ॅड्रिनालिन सुटतं. त्यातून अमिग्डाला चेतवला जातो आणि हिप्पोकॅम्पसकडून ती आठवण पक्की करून घेतो. काहिल आणि मॅकगॉ या संशोधकांच्या 1994 च्या प्रयोगात लोकांना एक गोष्ट ऐकवली; अ‍ॅड्रिनालिनचा परिणाम अडवणारं प्रोप्रॅनोलॉल हे औषध दिल्यावर तिचा भावनिक भाग जास्त आठवण्याचा फायदा गेला; साधा भाग तेवढाच आठवला.

पण ही आठवण अरुंद असते. चढणारं गढूळ पाणी दिसतं, शेजारी कोण उभं होतं ते निसटतं. आणि वर्षांनी तपशील बदलले तरी आपली खात्री तसूभर हलत नाही. पंचनाम्यात मदत करणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं: लिहून ठेवा, फोटो काढा.

पाढ्याची वाट संथ, पण भरवशाची. पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी वही मिटून आठवायचं, मगच पडताळायचं. नुसतं पुन्हा वाचून भागत नाही. रात्रीची झोपही हवी.

धाक दाखवून पाठांतर घेऊ नका. मुलाच्या लक्षात छडी राहते, ‘सतरा सत्ते एकशे एकोणीस’ नाही. शिवाय वाढलेलं कॉर्टिसॉल पाठ झालेलंही ऐनवेळी आठवू देत नाही.