इंजेक्टर गेला: नवा घ्यावा की पंपवाल्याकडून करून घ्यावा?

सकाळी सेल्फ नेहमीपेक्षा जास्त मारावा लागतो, सुरू झाल्यावर पांढरा धूर येतो, एक सिलिंडर मिसिंग करतो. लाख किलोमीटरच्या वर चाललेल्या कॉमन रेल डिझेलची (एकाच दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, सगळ्या इंजेक्टरना डिझेल मिळणाऱ्या गाडीची) ही तक्रार घेऊन गेलात की गॅरेजमध्ये ‘इंजेक्टर गेला’, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग बिघडला, हेच पहिलं उत्तर मिळतं. मग दोन वाटा उरतात: कंपनीचा नवा इंजेक्टर, किंवा पंपवाल्याकडे (गाडीचे डिझेल पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्याकडे) नेऊन त्यातला नोझल, म्हणजे फवाऱ्याचं टोक, आणि व्हॉल्व्ह बदलून घेणं. मी दोन्ही वाटांनी गेलो आहे आणि माझा कल नव्याकडे झुकला आहे. का, ते सांगतो.

त्याआधी दोष खरंच इंजेक्टरचा आहे का, हे पाहा. पावसाळ्यानंतर तर पहिला संशय डिझेल फिल्टरवर घ्यावा. खालचा स्क्रू ढिला करून अर्धा कप डिझेल काचेच्या बाटलीत काढा आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळं बसतं. दमलेली बॅटरी, गेलेले ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारे) आणि कार्बनने अडकलेला ईजीआर (धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) यांचीही लक्षणं अशीच दिसतात.

खरी परीक्षा रिटर्नची, म्हणजे इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणाऱ्या डिझेलची. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून चार सारख्या पारदर्शक बाटल्यांत सोडायच्या, मूळ रिटर्न लाइनचं तोंड बंद करायचं आणि इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवायचं. एक बाटली इतरांच्या दुप्पट भरली तर त्या इंजेक्टरचा आतला व्हॉल्व्ह झिजलाय. सेल्फ मारताना सगळं डिझेल तिकडूनच परत जातं, रेलमध्ये सुरू होण्यापुरता, म्हणजे साधारण २०० ते २५० बार, दाब जमत नाही. चारही बाटल्यांत डिझेल कमी असूनही दाब जमत नसेल, तर इंजेक्टर सोडून पंपाकडे वळा.

ही परीक्षा नोझलचं ठिबकणं मात्र पकडत नाही. त्यासाठी आयडलला एकेका इंजेक्टरचा विजेचा कनेक्टर काढून पाहतात. ज्याचा काढल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मुळात कामच करत नाही. हे फक्त सोलेनॉइड (विद्युतचुंबकाने उघडणाऱ्या) इंजेक्टरवर करा. पिएझो (स्फटिकाने उघडणाऱ्या) प्रकारात चालू इंजिनवर कनेक्टर काढू नये. आणि कॉमन रेलच्या आधीच्या, जुन्या पंपाच्या गाडीसारखा पाइपचा नट ढिला करून पाहण्याचा मोह कधीच नको. रेलमधल्या दाबाने फवारा कातडी फोडून आत जातो. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला, तर गाडी तिथेच थांबवा.

आता दुरुस्तीकडे येऊ. पुण्यात या कामावर लोकांचा विश्वास आहे, तो जुन्या पंपाच्या दिवसांतला. पिंपरीत बनलेली १९९८ची इंडिका घ्या. तिचा नोझल बदलला, शिम (पातळ चकती) घालून दाब लावला, की काम संपलं. नोझल ‘मायको’चा (आताच्या बॉशचा) आहे ना, एवढंच विचारायचं. त्या गाड्यांसाठी मी आजही दुरुस्तीच सांगेन, नव्याचा विचारही नको.

कॉमन रेलचा इंजेक्टर वेगळा. त्यातली व्हॉल्व्हची गोळी दीड मिलिमीटरपेक्षा लहान, आर्मेचरची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या हलत्या तुकड्याची) उचल मायक्रॉनमध्ये लावायची. रस्त्यालगतच्या धुळीत उघडलेला इंजेक्टर किती टिकेल, हे नशिबावर सोडावं लागतं. बंद खोली आणि टेस्ट बेंच असलेली चांगली दुकानंही आहेत, आणि खर्च बहुधा नव्याच्या निम्म्याच्या आत बसतो. हा मोठा फायदा आहे, तो मी नाकारत नाही.

माझं मन फिरलं ते कोडमुळे. बहुतेक कॉमन रेल इंजेक्टरच्या डोक्यावर अंक-अक्षरांचा एक कोड कोरलेला असतो. तो इंजेक्टर कारखान्यात तपासताना नेमकं किती डिझेल सोडत होता, ते त्या कोडमधून ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) कळतं. दुरुस्तीत नोझल नवा, व्हॉल्व्ह नवा, आणि कोड मात्र जुनाच. ईसीयू आता तिथे नसलेल्या इंजेक्टरचा हिशेब धरून डिझेल देतो. आयडलला तो थोडंफार सांभाळून घेतो, पण सगळं नाही. स्वारगेटपासून कात्रजपर्यंत प्रत्येक सिग्नलला गिअरचा दांडा हातात थरथरतो, आरसा हलतो. रिटर्न उत्तम, सेल्फ एका दमात, धूर नाही, आणि तरी ही थरथर. विचारलं की ‘जुनी गाडी आहे, एवढं चालतं’ असं उत्तर येतं. नव्या इंजेक्टरचा कोड स्कॅनरने टाकला की ही थरथर बहुतेक निघून जाते. दुरुस्तीनंतर बेंचवर नवा कोड काढून देणारा कोणी तुम्हाला भेटला, तर माझं मत बरंचसं बदलेल. आधी तेवढंच विचारा.

मजुरीही धरा. कार्बनने धरलेला इंजेक्टर हेडमधून काढायला कधी अख्खा दिवस जातो. दुरुस्त केलेला वर्षभरात पुन्हा बोलला तर तो दिवस पुन्हा भरावा लागतो. म्हणून गाडी सहा-आठ महिन्यांत विकायची असेल तर दुरुस्ती ठीक. पंधरा वर्षं पूर्ण होऊन ५,००० रुपये फी भरून पुढच्या पाच वर्षांची नोंदणी करणार असाल, तर मी नवा घेईन. चारही एकदम लागतातच असं नाही, रिटर्नमध्ये दोषी ठरला तेवढाच बदला. जुन्या बाजारातला वापरलेला इंजेक्टर तिसरा पर्याय म्हणून सुचवला जातो. त्याच्या नादी लागू नका.

नाना पेठेतून घेतलात तर बिल घ्या. बॉशचा असेल तर ०४४५ने सुरू होणारा नंबर खोक्यावर आणि अंगावर सारखाच असला पाहिजे. बसवण्याआधी डिझेल फिल्टर नवा, तांब्याचा वॉशर नवा, आणि हेडमधली बैठक कटरने साफ. तिथे कार्बनचा कण राहिला तर महिन्याभरात ‘चफ चफ’ आवाज आणि डांबरासारखा काळा थर दिसू लागतो. कोडचा फोटो आधीच काढून ठेवा, कारण पाइप आणि कनेक्टर लागल्यावर तो वाचता येत नाही.