पाटी अ‍ॅग्लोनिमाची, कुंडीत डिफेनबेकिया (स्टेशनजवळच्या नर्सरीचा अनुभव)

स्टेशनचा ब्रिज उतरल्यावर नर्सरी लागते तिकडून बरीच झाडं घेतलीत, नाव टाकत नाही कारण रोजचा रस्ता तोच आहे. झाडं खरंच छान असतात, कीड नाही, भाव दादरच्या मानाने ठीक, आणि भैया कुंडी रिक्षापर्यंत आणून देतो. पण पाट्यांचा नुसता आनंदीआनंद!

ह्या वेळी अ‍ॅग्लोनिमा म्हणून जे दिलं ते सरळसरळ डिफेनबेकिया. अ‍ॅग्लोनिमाला बुडातून बरेच बारीक दांडे फुटतात, पानं लांबट. डिफेनबेकियाचा दांडा चांगला जाडजूड, त्यावर गळलेल्या पानांच्या गोल खुणा, पानं रुंद आणि मधोमध पांढरट-पिवळसर शिंतोडे. भैयाला दाखवलं तर म्हणे "एक ही बात है मॅडम, दोनों शो प्लांट है".

अरे पण घरात रांगतं पोर असेल तर? ह्याच्या पानात-दांड्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात, चावलं की जिभेत, गालात घुसतात, मग आग, लाळ, सूज, कधी कधी तर थोडा वेळ बोलताही येत नाही. अळू कच्चं राहिलं की घसा खवखवतो ना, तिथेही हेच स्फटिक, दोघं एकाच कुळातले, फक्त अळूला आपण चिंच घालून नीट शिजवतो. अ‍ॅग्लोनिमा, मनी प्लांटमध्येही ते आहेतच, पण डिफेनबेकियाचा त्रास जास्त. छाटताना चीक डोळ्यात गेला तरी वाट लागते.

आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज, एका मिनिटात मूल दगावतं वाला, तो प्लीज पुढे ढकलू नका, जिवावर बेतणं फारच दुर्मिळ आहे. तोंड पुसायचं, चूळ भरायची, थंड पाणी किंवा दूध द्यायचं, बहुतेक वेळा हळूहळू उतरतं. पण सूज वाढली किंवा गिळायला, श्वास घ्यायला त्रास झाला तर सरळ हॉस्पिटल, आजीचे उपाय नकोत.

झाडांना पाचपैकी चार, माहितीला एक, तोही भैया गोड बोलतो म्हणून. घरात लहान मूल नाहीतर मांजर असेल तर तिथे स्पायडर प्लांट किंवा अरेका पाम मागा, दोन्ही मिळतात, पण पाटी वाचून नाही, झाड बघून घ्या.