कादंबरी-लेखनाची कार्यशाळा, इंदूर: सराफ्याच्या दृश्यासाठी जरूर जा, प्रश्नावली बाजूला ठेवा

होळकरांच्या राजवाड्याजवळच्या एका हॉलमध्ये सहा रविवार, दर वेळी अडीच तास, आणि दहा-बारा नवे लेखक. वाचक कादंबरीत कशानं गुंततो आणि कुठे बाहेर पडतो, या एकाच प्रश्नावर सगळा भर आहे. तो हवाच होता.

सगळ्यात मोलाचा दुसरा रविवार. रात्रीचा सराफा, म्हणजे दिवसा सोन्याचांदीचा आणि रात्री खाण्याचा बाजार, दीडशे शब्दांत लिहायचा, तोही एकाच पात्राच्या नजरेतून. पहिल्या खर्ड्यात बहुतेकांचं तेच येतं: गर्दी, दिवे, तळणाचा वास, भुट्ट्याचा कीस. हे कुणालाही दिसेल. मग पात्र दिलं जातं, दिवसभर सोन्याच्या पेढीवर बसलेला मुनीम. त्याला आधी दिसते ती शटर पडताच पेढीच्याच ओट्यावर मांडलेली कढई. तिजोरीची किल्ली खिशात दोनदा चाचपून तो वाट काढतो. गर्दीला एकही विशेषण न लावता गर्दी कळते. पात्राला काय हवंय आणि कशाची धास्ती आहे, त्यावर त्याला काय दिसणार हे ठरतं. ही गोष्ट इथे अक्षरशः हाताला धरून शिकवतात.

तपशिलाची शिस्तही याच दृश्यात येते. गराडू, म्हणजे मसाला लावलेला तळलेला कंद, हा हिवाळ्यातला पदार्थ. वैशाखात लग्नाच्या खरेदीला आलेलं पात्र गराडू खाताना दिसलं, की इंदूरचा वाचक तिथेच थबकतो आणि पुढची पानं लेखकावर पहारा ठेवून वाचतो. राजवाड्याचंही तसंच. १९८४ च्या आगीत त्याचं मोठं नुकसान झालं, त्यामुळे दृश्य त्याआधीचं की नंतरचं हे लिहायच्या आधी ठरलेलं असावं.

निवेदनाचा सरावही चोख आहे. दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन प्रत्येक वाक्य कुणाच्या मनातलं आहे त्याखाली रेघ ओढायची. एकाच दृश्यात रंग चार वेळा बदलला, तर वाचक कुणाचाच राहत नाही. ‘तिला पोळी करपल्याचा वास आल्याचं जाणवलं’ इथे तिला बघणारा लेखक मध्ये उभा आहे. ‘पोळी करपली होती’ म्हटलं की तो बाजूला होतो आणि वाचक थेट तव्याशी पोचतो.

संवादाला मात्र जेमतेम अर्धा तास, आणि हे फार खटकतं. मराठीत नात्यातला ताण संबोधनातून किती सहज दाखवता येतो! रोज ‘आई, तुम्ही जेवलात का?’ विचारणारी सून एके दिवशी सासू समोर बसलेली असताना नवऱ्याला विचारते, ‘त्या जेवल्या का?’ पुढे ‘ती रागानं म्हणाली’ लिहायची गरज उरत नाही. इंदुरी मराठीचा प्रश्नही घाईत उरकला जातो. ‘काय करून राहिलास?’ अशी वळणं पानात दोन-तीन पुरतात. प्रत्येक वाक्यात घातली तर माणूस हरवतो आणि नुसती बोली उरते. पुण्याच्या पाहुण्यासमोर तेच पात्र जपून बोलू लागलं, तर त्याचा संकोच आपोआप कळतो.

सगळ्यात कच्चा पहिला रविवार. पात्राबद्दलची चाळीस प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतात: उंची, आवडता रंग, जन्मनक्षत्र. भरलेलं वाया जाऊ नये म्हणून मग ते सगळं पहिल्याच पानावर ओतलं जातं आणि ‘स्वभावानं मनमिळाऊ’ असा स्थळाचा बायोडाटा तयार होतो. त्यातले चारच प्रश्न ठेवावेत: आज त्याला काय हवंय, कोण आडवं येतंय, तो काय लपवतोय, स्वतःची कशी समजूत घालतोय. तेही दोन-तीन दृश्यं लिहून झाल्यावर, कारण तोवर पात्र थोडंफार बोलू लागलेलं असतं.

शेवटच्या रविवारी प्रत्येकाला वाचायला पाच मिनिटं मिळतात आणि अभिप्राय तोंडीच असतो. तेव्हा एकच दृश्य न्या, दोन ओळींत भरपूर जागा सोडून त्याच्या तीन प्रती काढा आणि शेजारच्यांच्या हातात पेन्सिल द्या. जिथे लक्ष उडालं तिथे फक्त एक खूण करायला सांगा.