‘बाळ तुमचीच वाट पाहत आहे’ असे सांगणाऱ्यांपासून जपा

परदेशातून मूल दत्तक घेताना फसवणूक होते ती खोट्या संस्थेकडून किंवा खोट्या कागदांमुळे, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या बाबतीत संस्था मान्यताप्राप्त होती, गृहअध्ययनाचा, म्हणजे आमच्या घराची आणि कुटुंबाची पाहणी करून लिहिलेला अहवाल रीतसर झाला होता आणि प्रत्येक शुल्काची पावती आमच्याकडे होती. आम्हाला फसवले ते प्रतीक्षेच्या काळात धीर देण्यासाठी म्हणून पुढे आलेल्या एका व्यक्तीने. या प्रकाराबद्दल फारसे कोणी बोलत नाही, म्हणून तो सविस्तर लिहिते आहे.

संस्थेने एका मुलीची माहिती आणि छायाचित्र पाठवले, आम्ही संमती कळवली, आणि त्यानंतर काही काळातच त्या देशाने परदेशी दत्तकाची सगळी प्रकरणे पुनर्विचारासाठी थांबवली. देशाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण तिथे इतर कुटुंबांची प्रकरणे अजून प्रलंबित आहेत. असे अचानक थांबणे या क्षेत्रात नवे नाही. काँगोने 2013 मध्ये दत्तक मुलांना देशाबाहेर जाण्याचे परवाने देणे बंद केले, तेव्हा न्यायालयाचा आदेश हाती असलेल्या पालकांनाही वर्षानुवर्षे थांबावे लागले. इथिओपियाने 2018 मध्ये परदेशी दत्तक कायद्यानेच बंद केले, आणि चीनने 2024 मध्ये जवळच्या नात्यातील मुलांचा अपवाद ठेवून तोच निर्णय घेतला, त्यामुळे मूल ठरलेली कित्येक कुटुंबे अधांतरी राहिली. आमची संस्था हे सगळे जाणून होती. म्हणूनच कधीही फोन केला तरी ‘सध्या काही सांगता येत नाही’ एवढेच प्रामाणिक उत्तर मिळत असे. ते उत्तर खरे होते, पण त्याच्या आधारावर रात्र काढणे कठीण होते.

याच काळात प्रतीक्षेतील पालकांच्या एका गटात या बाई भेटल्या. आपण याच मार्गाने मुलगी घरी आणली असून आता इतरांना केवळ सेवा म्हणून मदत करतो, असे त्या सांगत. संस्थेने आम्हाला शिकवलेले सगळे शब्द त्यांच्या तोंडी असत. त्यांची खरी हातोटी मात्र वेगळीच होती, आणि ती आज मागे वळून पाहताना स्पष्ट दिसते. पहिल्या काही आठवड्यांत त्यांनी फक्त विचारपूस केली: बाळगृह कोणत्या भागात आहे, मुलीला काय आवडते असे अहवालात लिहिले आहे, तिला कोणता त्रास होता. आपले कोणीतरी ऐकून घेते आहे याचेच आम्हाला इतके समाधान वाटे की आम्ही मोकळेपणाने बोलत गेलो. पुढे त्याच गोष्टी ‘तिथल्या ओळखीच्या ताईंकडून आलेली बातमी’ म्हणून आमच्याकडे परत येऊ लागल्या. मुलीला कानाचा त्रास पुन्हा सुरू झाला आहे, हे वाचून मी रडले होते. त्या कानाच्या त्रासाविषयी बाईंना मीच सांगितले होते.

पैशांचा विषय पुष्कळ उशिरा निघाला आणि तोही त्यांनी थेट काढला नाही. तिथल्या ताईंना औषधासाठी पदरमोड करावी लागते, एवढेच त्या म्हणाल्या. आम्हीच विचारले की पाठवू का. मग औषध, मग गरम कपडे, मग मुलीला वेगळी दाई, आणि शेवटी ‘फाइल वरच्या टेबलावर नेण्यासाठी’ एका अधिकाऱ्याचा खर्च. प्रत्येक वेळची रक्कम अशी असे की नाही म्हणायची लाज वाटावी. पैसे निरनिराळ्या व्यक्तींच्या खात्यांवर मागवले जात आणि पावतीचा विषय काढला की त्या दुखावल्यासारख्या गप्प होत.

या सगळ्याला श्रद्धेचे कुंपण होते. आमच्या घरात देवावर विश्वास आहे आणि त्या काळात प्रार्थनेने आम्हाला खरोखर सावरले, त्यामुळे मी श्रद्धेला दोष देणार नाही. पण बाईंनी त्या श्रद्धेचा वापर प्रश्न बंद करण्यासाठी केला. ‘शंका घेतली की मार्ग अडतो, ताई. बाळ तुमचीच वाट पाहत आहे, त्याला कळतं सगळं,’ असा त्यांचा एक संदेश माझ्याकडे अजून आहे. दुसरी अट गुप्ततेची होती. संस्थेला कळले तर फाइल अडकेल आणि गटात बोललात तर दृष्ट लागेल, असे त्या दोन्ही कारणे एका दमात सांगत. नियमाची भीती आणि दृष्टीची भीती एकाच वाक्यात घालणाऱ्या माणसापासून मी आता चार हात दूर राहते.

प्रकार उघड झाला तो एका छायाचित्रामुळे. बाई अधूनमधून मुलीचे म्हणून फोटो पाठवत; बहुतेक पाठमोरे किंवा दुरून काढलेले. एका फोटोत मूल समोर पाहून हसत होते आणि तो मी कौतुकाने माझ्या नणंदेला दाखवला. ती दंतवैद्य आहे. तिने फोटो मोठा करून पाहिला. खालचे पुढचे दोन दात रुंद आणि कडेला करवतीसारखे दातेरी होते, म्हणजे ते नुकते आलेले कायमचे दात होते, आणि असे दात साधारणपणे सहाव्या-सातव्या वर्षी येतात. आमच्या फाइलमधील मुलगी चार वर्षांची होती. बाईंकडे उत्तर तयार होते: बाळगृहात वय अंदाजानेच लिहितात. हे अनेक ठिकाणी खरेही असते, म्हणूनच ते उत्तर घातक होते. मी मात्र गुप्ततेची अट मोडून गटातील दुसऱ्या एका आईला फोन केला. तिच्याकडे तोच फोटो होता, त्यातील मुलाचे नाव वेगळे होते, आणि औषधाचे पैसे तीही भरत होती.

आम्ही सगळे संदेश संस्थेपुढे ठेवले. संस्थेने मूळ देशाच्या मध्यवर्ती प्राधिकरणाकडे, म्हणजे दत्तकाची प्रकरणे पाहणाऱ्या तिथल्या सरकारी यंत्रणेकडे, लेखी विचारणा केली आणि जे उत्तर आले ते वाचून आम्ही दोघे बराच वेळ बोललो नाही. प्रकरणांच्या फेरतपासणीत त्या मुलीची मावशी सापडली होती आणि मूल काही महिन्यांपासून तिच्याकडे राहत होते. मूल आधी आपल्या माणसांत, आपल्या देशात राहू शकते का हे तपासायचे आणि तसे शक्य नसेल तरच परदेशी कुटुंबाचा विचार करायचा, हे परदेशी दत्तकाविषयीच्या 1993 च्या आंतरराष्ट्रीय हेग दत्तक कराराचे मूलभूत तत्त्व आहे. त्या तत्त्वाप्रमाणे जे व्हायला हवे तेच झाले होते. दुःख झालेच. पण ती मावशीच्या घरी असताना तिच्या दाईसाठी आम्ही पैसे भरत होतो, याचा संताप त्या दुःखात इतका मिसळला की दोन्ही वेगळे करायला पुढे समुपदेशकाची मदत घ्यावी लागली.

या मार्गावर असलेल्यांनी त्याच कराराची आणखी दोन कलमे नीट वाचावीत. कलम 29 प्रमाणे आवश्यक निर्णय होण्याआधी इच्छुक पालकांनी मुलाच्या आईवडिलांशी किंवा मुलाला सांभाळणाऱ्या व्यक्तीशी परस्पर संपर्क ठेवायचा नसतो. सक्षम अधिकाऱ्याने ठरवलेल्या अटींनुसार झालेला संपर्क आणि कुटुंबांतर्गत दत्तक एवढेच त्याला अपवाद आहेत. म्हणजे ‘आतल्या माणसाकडून बातमी’ खरी असती तरी ती आमच्या प्रकरणाला धोक्याचीच ठरली असती. कलम 32 प्रमाणे दत्तकाच्या कामातून कोणालाही गैरलाभ घेता येत नाही. प्रत्यक्ष खर्च आणि वाजवी व्यावसायिक शुल्क एवढेच आकारता येते. फाइल पुढे सरकवण्यासाठी मागितलेला पैसा यातल्या कशातच बसत नाही. करारात सामील देशांच्या मध्यवर्ती प्राधिकरणांचे पत्ते हेग परिषदेच्या संकेतस्थळावर मिळतात. आपल्या संस्थेमार्फत तिथे लेखी विचारणा करता येते. उत्तराला वेळ लागतो, पण ते उत्तर सही-शिक्क्याचे असते.

धीराचे काय, हा प्रश्न उरतोच, कारण बाईंनी विकली ती वस्तू आम्हाला खरोखरच हवी होती. नंतर ज्यांनी आम्हाला सावरले त्यांच्यापैकी एकाकडेही बातमी नव्हती. समुपदेशकाने आम्हाला एक वाक्य घडवून दिले, ‘आज नवीन काही नाही, असेल तेव्हा आम्हीच सांगू’, आणि त्यामुळे नातेवाइकांचे रोजचे प्रश्न थांबले. ज्यांचे दत्तक अर्ध्यावर थांबले त्या एका जोडप्याशी संस्थेने गाठ घालून दिली. ते दोघे सल्ला न देता नुसते ऐकत. प्रार्थनेला सोबत करणाऱ्या एका वयस्कर काकांना मी एकदा विचारले की देव आमचे ऐकेल ना, तर ते म्हणाले, ‘मला माहीत नाही, पण उद्याही येतो.’ ते आले.

बँकेकडे आणि पोलिसांकडे तक्रार केली आहे. पैसे परत मिळालेले नाहीत आणि ज्या खात्यांवर ते गेले त्यांतली काही बंद झाली आहेत. आता त्या बाई दुसऱ्या नावाने दुसऱ्या गटात विचारपूस करत असण्याची शक्यता आहे. त्यांनी तुमच्याशी संपर्क साधला तर त्यांना जाब विचारत बसू नका, कारण आम्ही विचारल्यावर त्यांनी त्यांच्या बाजूचे सगळे संदेश पुसून टाकले. आधी संदेश, फोटो आणि खाते क्रमांक जसेच्या तसे जतन करा, संस्थेला कळवा, आणि ज्यांच्याशी बोलू नका असे तुम्हाला सांगितले असेल त्यांना त्याच दिवशी फोन करा.