बीअर पाँगचा सेट : कप बरे, बॉल भंगार, चटईचं तर नावच नको

गटारीला घरी मंडळी येणार होती म्हणून ऑनलाइन बीअर पाँगचा सेट मागवला (टेबलाच्या एका टोकाहून समोरच्यांच्या बीअरच्या कपात टेबल टेनिसचा बॉल टाकायचा तो खेळ), साडेसातशेच्या आसपास पडला. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण हाच माल चार वेगवेगळ्या नावांनी विकायला ठेवलाय, डब्यावरचा फोटोसुद्धा सेम. आत 22 लाल कप, 4 बॉल, एक नियमांचा कागद आणि टेबलावर अंथरायची प्लास्टिकची चटई, तिच्यावर कप कुठे ठेवायचे ते गोल छापलेत.

चटईपासून सुरू करतो कारण डोकं तिनेच फिरवलं. गुंडाळी करून पाठवतात त्यामुळे दोन्ही टोकं वर वळलेली राहतात, आणि कप ठेवायचे नेमके टोकाला असतात, म्हणजे तुम्ही कपांचा त्रिकोण लावा आणि तो आपोआप आडवा होताना बघा. वहिनीने उलटी गुंडाळून वर गव्हाचा डबा ठेवून बघितला, सेलोटेप लावली, काही नाही. शेवटी काढून टाकली आणि टेबलावर खडूने गोल काढले, ते जास्त बरं दिसत होतं.

बॉल. टेबल टेनिसचा खरा बॉल 40 मिलिमीटरचा असतो आणि वजन 2.7 ग्रॅम, हलका असला तरी एकसारखा असतो. यांच्या बॉलला मधोमध शिवण बोटाला लागते. फरशीवर भोवऱ्यासारखा फिरवून बघितला तर डुलत डुलत कडेला जातो, मग हवेत काय सरळ जाणार. त्यात मुंबईचा जुलै-ऑगस्ट, पंखा बंद केला की सगळे घामाने निथळतात आणि चालू ठेवला की बॉल थेट सोफ्यावर. आम्ही टाकताना पंखा एकवर आणि मधल्या वेळात पाचवर असा तह केला, रेग्युलेटरपाशी बसायला मामेभाऊ, कारण त्याचा नेम सगळ्यात वाईट.

कप मात्र खरंच चांगले आहेत हे कबूल. जाड आहेत, धुवून परत वापरता येतात. आपल्याकडे महाराष्ट्रात 2018 पासून वापरून फेकायच्या प्लास्टिक कपांवर बंदी आहे, त्यामुळे तसले पातळ कप कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊच नका. एकच त्रास, एकात एक घट्ट बसतात, सोडवायला दोन माणसं लागतात. आणि रिकामे ठेवले तर बॉलच्या धक्क्यानेही सरकतात, पाव कप तरी भरायलाच हवा.

नियमांचा कागद अर्धवट आहे म्हणून इथे लिहितो. दोन टीम, प्रत्येकी दोघं. आपापल्या टोकाला 10 कपांचा त्रिकोण, 4-3-2-1, टोक समोरच्यांकडे. पाळी आली की दोघांनी एकेक बॉल टाकायचा, ज्या कपात पडला तो समोरच्याने प्यायचा आणि बाजूला काढायचा. दोघांचेही बॉल कपात गेले तर बॉल परत मिळतात, पुन्हा टाका. टाकताना कोपर टेबलाच्या कडेच्या पुढे जाता कामा नये, सगळी भांडणं इथेच होतात. टप्पा टाकून घातला तर बऱ्याच ठिकाणी दोन कप मोजतात, पण टप्पा पडला की समोरच्याला हाताने बॉल उडवायची मुभा असते. कप कमी झाले की उरलेले परत नीट जवळ लावून मागता येतात, ते किती वेळा ते आधीच ठरवा. शेवटचा कप गेला तरी हरणाऱ्यांना एक संधी मिळते, चुकेपर्यंत टाकत राहायचं. कागदावर या शेवटच्या संधीचा उल्लेखच नाही, म्हणजे गेममधला सगळ्यात आरडाओरड्याचा भागच गायब. (मूळ खेळ अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात 1950च्या दशकात चक्क बॅटने खेळायचे, हाताने फेकायची पद्धत नंतर आली.)

स्पर्धेचं टेबल 8 फूट बाय 2 फूट असतं. मुलुंडच्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये 8 फूट म्हणजे एक टीम गॅलरीत. केटररकडचं 6 फुटी फोल्डिंगचं टेबल आणलं आणि 10च्या जागी 6 कप लावले, 3-2-1, अंतर कमी झालं की नेम सोपा होतो म्हणून टप्प्याचे दोन कप हे कलमच रद्द.

आता पिण्याचं. बॉल सोफ्याखाली जातो, तिथली धूळ आणि केस घेऊन येतो आणि तोच पुढच्याच्या बीअरमध्ये. सेटमधले जादा दोन कप बॉल बुडवायला पाण्याचे म्हणून दिलेत पण थोड्या वेळात ते पाणी बघवत नाही. कपात साधं पाणी भरा आणि आपली बीअर आपल्या ग्लासात वेगळी प्या, खेळ तोच राहतो आणि उरलेलं ओतून द्यायला जीव जळत नाही. वहिनी कोकम सरबतावर खेळली आणि तीच जिंकत होती, शाळेत टीटी खेळलेली आहे. कपातच ओतायची असेल तर 650ची बाटली 10 कपात म्हणजे कपाला 65 मिली, तेवढी बास, आणि माइल्ड घ्या, स्ट्राँगवर हा खेळ दुसऱ्या गेमलाच संपतो. महाराष्ट्रात बीअरला 21 पूर्ण लागतात, त्यामुळे कॉलेजातल्या भाच्याला सरबतच. आणि बाइकच्या चाव्या आधी जमा करा, 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की केस होते आणि गटारीला नाकाबंदी असतेच.

बॉलसाठी रिटर्न टाकलं तर पिकअपवाला म्हणाला डबा उघडलाय, नाही घेणार. अरे उघडल्याशिवाय बॉल वाकडा आहे हे कळणार कसं? कस्टमर केअरवाली ताई गोड बोलली, पैसे नाही आले.

पाचपैकी दोन स्टार, दोन्ही कपांचे. नुसते जाड कप क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास पार्टीच्या सामानाच्या दुकानात बघा, आणि बॉल धोबीतलावच्या स्पोर्ट्सच्या दुकानातून टीटीचे घ्या. काउंटरवर फिरवून बघतो म्हणा, सहसा नाही म्हणत नाहीत.