तारण समजावून सांगणारी तपसाधना : वसईच्या किनाऱ्यावरील एका केंद्राचा अनुभव

ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात वसईच्या बहुतेक ख्रिस्ती धर्मग्रामांत (पॅरिशांत) तपसाधना, म्हणजे प्रार्थना आणि प्रवचनांचे शिबिर, होते आणि ती सहसा पाप, पश्चात्ताप आणि पापनिवेदन (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) या क्रमाने जाऊन तेथेच थांबते. समुद्रालगतच्या एका केंद्राने मात्र शुक्रवार संध्याकाळपासून रविवारच्या मिस्सेपर्यंतचा (सामूहिक उपासनेपर्यंतचा) सगळा वेळ एकाच प्रश्नाला दिला होता : ख्रिस्ताने आपले तारण केले असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय घडले असे आपण मानतो? लहानपणापासून पाठ असलेल्या या विधानाचा असा सविस्तर विचार वसईत मराठीतून ऐकायला मिळतो, ही मला मोठी समाधानाची गोष्ट वाटते, आणि म्हणून या तपसाधनेचे गुण आणि उणिवा दोन्ही लिहीत आहे.

राहण्याची सोय साधी पण स्वच्छ आहे. जेवण सात्त्विक, वेळेवर आणि पोटभर असते. शुल्क ठरलेले नसून ऐच्छिक देणगी घेतली जाते. मौन पाळण्याची सूचना कटाक्षाने अमलात आणली जाते. मोबाईल कार्यालयात जमा करावा लागतो.

पहिल्या प्रवचनाची सुरुवात क्रूसापासून न होता जुन्या करारातील जमिनीच्या कायद्यापासून झाली. लेवीय ग्रंथाच्या 25व्या अध्यायात असा नियम आहे की, एखाद्या इस्राएली माणसाला गरिबीपायी आपले वतन विकावे लागले, तर त्याच्या जवळच्या आप्ताने पुढे येऊन ते सोडवावे. बायबलमधील रूथच्या कथेत बवाजाने विधवा नामीचे शेत सोडवले आणि तिची विधवा सून रूथ हिचा पत्नी म्हणून स्वीकार केला ते याच रिवाजाने. त्याच्याहून जवळचा एक आप्त होता, पण स्वतःच्या वतनाला धक्का बसेल या भीतीने तो मागे सरला. फादरांनी या मागे सरलेल्या आप्तावर बराच वेळ घालवला आणि ते योग्यच होते, कारण सोडवणाऱ्याला स्वतःचे काहीतरी गमवावे लागते आणि सोडवण्याचा हक्क नात्यातून येतो, हे दोन्ही मुद्दे त्या एका माणसाच्या नकारातून स्पष्ट होतात. देवाचा पुत्र माणूस झाला तो आपला आप्त होण्यासाठी, हे यानंतर वेगळे पटवून देण्याची गरज उरली नाही.

त्यानंतर पडद्यावर एक सातबारा दाखवण्यात आला, अर्थात नावे झाकून. ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता आणि पुढे कर्ज फिटल्यावर फेरफार मंजूर होऊन त्या नोंदीला कंस पडला होता, म्हणजे ती रद्द झाली होती. वाडी असलेल्या प्रत्येकाला तो कंस पडण्याचा अर्थ ठाऊक आहे; सभागृहातली वयस्कर मंडळी पुढे झुकून तो रकाना वाचत होती. त्याच वेळी बायबलमधील कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील ते वचन वाचले गेले, ज्यात आपल्या विरोधात असलेला ऋणलेख देवाने खोडून क्रूसाला खिळून टाकला, असे ख्रिस्ताचा प्रेषित पौल सांगतो. हे वचन मी अनेकदा ऐकले आहे, परंतु त्यात एका दस्तऐवजाविषयी बोलले जात आहे हे प्रथमच इतके ठळकपणे जाणवले.

या तपसाधनेची खरी गुणवत्ता मात्र पुढच्या सत्रात दिसली, कारण त्यात हे उदाहरण कुठे अपुरे पडते तेही सांगितले गेले. कर्ज सोसायटीचे असते, मग ख्रिस्ताने दिलेले मोल कोणाच्या हाती पडले? ओरिजेन आणि निस्साचा ग्रेगरी या प्राचीन आचार्यांचे म्हणणे होते की माणूस सैतानाच्या ताब्यात होता आणि खंडणी त्याला दिली गेली. चौथ्या शतकातच नाझियान्झसच्या ग्रेगरीने या कल्पनेला कडाडून विरोध केला : लुटारूला एवढे मोल द्यायचे हे लाजिरवाणे आहे, आणि पित्याला द्यायचे म्हणावे तर आपल्याला कैदेत ठेवणारा पिता नव्हता, शिवाय ज्याने अब्राहामाने देऊ केलेला त्याच्या मुलाचा, इसहाकाचा, बळीही स्वीकारला नाही, तो आपल्या एकुलत्या पुत्राच्या रक्ताने संतुष्ट कसा होईल? अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्म या धर्मपंडिताने वेगळी मांडणी केली : ऋण माणसाचे, पण फेडण्याचे सामर्थ्य केवळ देवाचे, म्हणून फेडणारा देव आणि माणूस दोन्ही असायला हवा. त्याच्यानंतरच्या आबेलार या पंडिताने भर दिला तो क्रूसावर प्रकट झालेल्या आणि माणसाचे मन वळवणाऱ्या प्रेमावर. सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट धर्मसुधारकांनी, विशेषतः काल्विनने, आपल्या वाट्याची शिक्षा ख्रिस्ताने भोगली यावर भर दिला. ‘आम्हा मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी’ एवढेच निकेया येथील श्रद्धाप्रकटन, म्हणजे चर्चचा श्रद्धेचा प्राचीन जाहीरनामा, सांगते. ते कसे घडले याचा कोणताही एकच सिद्धांत चर्चने अंतिम म्हणून जाहीर केलेला नाही. क्रोधी बापाने निरपराध मुलाला मारले आणि मग त्याचा राग शांत झाला, अशी जी ढोबळ समजूत आपल्याकडे अजून घराघरांत आढळते, ती या सत्राने मुळापासून हलवली. पिता आणि पुत्र यांची इच्छा एकच होती, हे फादरांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा आधार घेत पुन्हा पुन्हा सांगितले.

संध्याकाळी सुरूच्या बनातून क्रूसाची वाट, म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे टप्पे आठवत चालण्याची प्रार्थना, झाली. तेथे वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचे स्मरण करण्यात आले, ज्यांना 1597 मध्ये जपानमधील नागासाकी येथे क्रूसावर चढवण्यात आले. हुतात्म्याचे मरण तारण साधत नाही, ते साधलेल्या तारणाची साक्ष देते, हा भेद इथे नेमकेपणाने मांडला गेला. पापनिवेदनासाठी पुरेसे धर्मगुरू होते आणि कोणालाही घाई केली गेली नाही. एकदाच आणि सर्वांसाठी घडलेले तारण प्रत्येकापर्यंत वैयक्तिकरीत्या पोहोचते ते या संस्कारातही, त्यामुळे या व्यवस्थेचे कौतुक करायलाच हवे.

माझी तक्रार एकच आहे, पण ती गंभीर आहे. पुनरुत्थानाला शेवटचा अर्धा तास मिळाला, तोही आभारप्रदर्शन आणि सूचना यांच्या गर्दीत. ख्रिस्त उठला नसेल तर तुम्ही अजून आपल्या पापांतच आहात, असे पौल करिंथकरांना स्पष्ट बजावतो. म्हणजे पुनरुत्थान हा तारणाचाच भाग आहे, त्याला जोडलेला समारोप नव्हे. ते घाईत उरकले की ऐकणाऱ्याची अशी समजूत होते की तारण म्हणजे आत्म्याने देहातून आणि या जगातून सुटून जाणे. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय याच्या नेमके उलट सांगतो : आपल्या देहाचेही तारण व्हायचे आहे आणि सबंध सृष्टी त्यासाठी प्रसूतिवेदना सोसत वाट पाहत आहे. ज्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी वाड्या आणि विहिरी वाचवण्याचा लढा उभारला, तिथे या अध्यायावर एक संपूर्ण सत्र व्हायला हवे होते. त्यासाठी सातबाऱ्याइतकेच जिवंत उदाहरण दाराशीच होते, आणि ते वापरले गेले नाही याची मला मनापासून खंत वाटते.

तरीही ज्यांना धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर श्रद्धेचा बौद्धिक अभ्यास करण्याची संधी मिळालेली नाही, त्यांनी ही तपसाधना अवश्य करावी. अन्य धर्मीय मित्रांनाही प्रवेश आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांना मात्र दुसऱ्या दिवसाची प्रवचने जड जातील. बायबल स्वतःचे न्यावे, कारण केंद्रातील प्रती सर्वांना पुरत नाहीत, आणि शनिवारी दुपारी प्रश्नोत्तरांसाठी राखलेला वेळ वाया घालवू नये. फादर प्रत्येक प्रश्न पूर्ण ऐकून घेऊन उत्तर देतात. पुढील वर्षी पुनरुत्थानाचे सत्र रविवारच्या मिस्सेआधी, सकाळच्या पहिल्या वेळेत ठेवावे, अशी लेखी सूचना मी केंद्राच्या अभिप्राय वहीत केली आहे.